पोटाचीं दुखणीं आणि डॉक्टरांचें शिक्षण

"सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत, तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं," हें वाक्य ऐकून दवाखान्याबाहेर पडलेला मनुष्य आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. कदाचित् तो आपल्या घरांतलाच असेल. रक्त तपासून झालें, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीनें जठर पाहून झालें. कोठें व्रण नाहीं, गाठ नाहीं. पोट मात्र दुखतच आहे. मग घरचीं माणसें म्हणूं लागतात कीं, हें सारें मनाचें आहे. आज मला त्या वाक्याविषयींच बोलावयाचें आहे. तें पुष्कळदां खरें नसतें, आणि तें कां खरें नसतें हें आपण आपल्या तरुण डॉक्टरांना पुरेसें शिकवीत नाहीं.

दुर्बीण रूप दाखविते, चाल दाखवीत नाहीं. घड्याळाची तबकडी कितीहि स्वच्छ असली तरी कांटे बरोबर फिरतात कीं नाहीं हें तिच्यावरून कळत नाहीं, तसेंच हें आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचा सारा मार्ग स्नायूंचा आहे, आणि त्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी आंतड्याच्या भिंतींतच वसलेल्या आहेत. बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८९९ सालीं दाखविलें कीं, आंतड्यांत गोळा ठेवला म्हणजे त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो व पुढचा सैल पडतो. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरीहि हें चालूच राहतें. लँग्ली यानें १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत या मज्जाजालाला स्वतंत्र स्थान दिलें. यांतील पेशींची संख्या दहा ते पन्नास कोटी धरतात.

पण हें स्वतंत्र संस्थान मेंदूपासून तुटलेलें नाहीं. क्ष-किरणांचा शोध लागून दोनच वर्षें होत होतीं, तेव्हां हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन नांवाचा वैद्यकाचा विद्यार्थी मांजरीला बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून तिच्या जठराची हालचाल पाहत असे. मांजरी त्रासली कीं जठराच्या लाटा थांबत. ती शांत झाली कीं पुन्हां सुरू होत. मेंदूपासून पोटाकडे जाणारी मोठी नस आहे, तिच्यांतले बहुसंख्य तंतु तर उलट पोटाची खबर मेंदूला पोंचविणारे आहेत. तेव्हां "मनाचें" आणि "पोटाचें" अशी वांटणी करणारा मनुष्य दोन्ही टोकें बांधलेल्या दोरीचें एकच टोंक पाहत असतो.

या दुखण्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतात. एकांत चालच बिघडलेली असते. दुसऱ्यांत पोट आणि मेंदू यांच्यामधला संदेश बिघडलेला असतो. दोहोंना लागणारें शिक्षण वेगळें आहे.

पहिल्याचें उदाहरण अॅकलेशिया. गिळतांना अन्ननलिकेच्या खालचें दार उघडावयास हवें, तें उघडत नाहीं. रोगी म्हणतो, घास छातींत अडकतो, पाणीहि अडकतें, रात्रीं खाल्लेलें तोंडांत येतें. त्याला अॅसिडिटीच्या गोळ्या मिळतात, आणि त्यांत वर्षें जातात, वजन उतरतें. आरंभींच्या काळांत दुर्बिणीला कांहींहि दिसलें नाहीं असें होतें. येथें दाबमापन, म्हणजे मॅनोमेट्री, करावें लागतें. नाकावाटे एक बारीक नळी उतरवितात. तिच्यावर सेंटिमीटराच्या अंतरानें बहुधा छत्तीस संवेदक असतात. रोग्यानें पाण्याचे दहा घोंट गिळावयाचे, कीं पडद्यावर दाबाचें रंगीत चित्र उमटतें. हीं चित्रें वाचण्याची शिकागो वर्गीकरण नांवाची पद्धति २००९ सालीं आली व २०२१ सालीं तिची चौथी आवृत्ति निघाली. अॅकलेशियाचे तीन प्रकार या चित्रावरूनच ओळखतात, आणि उपाय त्या प्रकारावर ठरतो: फुग्यानें दार रुंदावणें, शस्त्रक्रिया, किंवा जपानच्या इनोए यांनीं २००८ सालीं माणसावर प्रथम केलेली, दुर्बिणीवाटे आंतून स्नायु छेदण्याची क्रिया.

असें चित्र वाचावयास ग्रंथ वाचून येत नाहीं. गवई जसा गुरूपुढें बसून शिकतो तसें जाणत्याच्या शेजारीं बसून पुष्कळ चित्रें पाहावीं लागतात. अमेरिकेंत या विषयाच्या संस्थेनें तरुण डॉक्टरांसाठीं महिनाभराची उमेदवारी ठेवली आहे: एखाद्या मोठ्या केंद्रांत जावें, रोगी पाहावेत, चित्रें वाचावींत, चुका तेथेंच दुरुस्त करून घ्याव्यात. आपल्याकडे एम्. डी. नंतर या शाखेचें आणखी तीन वर्षांचें शिक्षण असतें. त्यांत हाताला दुर्बिणीची संवय पुष्कळ लागते. दाबमापनाची प्रयोगशाळा मात्र प्रत्येक महाविद्यालयांत नसते. ज्या विद्यार्थ्यानें ती कधीं पाहिलीच नाहीं, तो रोग्याला तिकडे पाठवील तरी कसा?

यंत्राशिवायहि पुष्कळ होतें. विषय संकोचाचा आहे, परंतु सांगितला पाहिजे. बद्धकोष्ठाच्या कांहीं रोग्यांत कुंथतांना जे स्नायु सैल पडावयाचे तेच आंवळले जातात. गुदद्वारांत बोट घालून "आतां कुंथा" म्हटलें तर जाणत्या बोटाला हें पुष्कळदां लागलींच कळतें. खर्च कांहीं नाहीं, वेळ दोन मिनिटें. पण ही तपासणी टाळली जाते आणि रेचकांचे डबे बदलत राहतात. अशा रोग्याला स्नायूंना नवें वळण लावणारा अभ्यास रेचकांहून अधिक उपयोगीं पडतो.

आतां दुसरा वर्ग. येथें आंतडें दिसावयास ठीक असतें, पण त्याच्या मज्जा अतिसंवेदनशील झालेल्या असतात. इतरांना न जाणवणारा वायूचा ताण यांना कळ म्हणून जाणवतो. रोम येथून निघालेल्या निकषांत लक्षणांवरून निदान करण्याची पद्धति घालून दिलेली आहे, आणि २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तींत या दुखण्यांना मेंदू व आंतडें यांच्या परस्परव्यवहाराचे विकार असें नांव दिलें. तेहतीस देशांतील त्र्याहत्तर हजारांवर माणसांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. इंटरनेटवर उत्तरें देणाऱ्यांत शेंकडा चाळिसांना, आणि आपल्या देशासारख्या जेथें घरीं जाऊन विचारलें तेथें शेंकडा विसांना, यांतला एक तरी विकार होता. हा आंकडा पाहिला म्हणजे "कांहीं झालेलें नाहीं" या वाक्याची किंमत कळते. निदान न झाल्यानें नुसती चिंता राहते असेंहि नाहीं. अमेरिकेंतील २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत आंतड्याच्या या विकारानें पीडित लोकांचीं पित्ताशयें इतरांच्या तिप्पट प्रमाणांत काढलेलीं आढळलीं.

अर्थात् मलावाटे रक्त जाणें, वजन घटणें, पंडुरोग, पन्नाशीनंतर नव्यानें सुरू झालेलें दुखणें, घराण्यांत आंतड्याचा कर्करोग, यांपैकीं कांहीं असेल तर तपासण्या झाल्याच पाहिजेत. तें नसेल तर निदान मुख्यतः कानानें करावयाचें असतें. आणि कानाचें शिक्षण सर्वांत कठीण. १९८४ सालीं अमेरिकेंत डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून पाहिल्या, तेव्हां रोग्याचें बोलणें सरासरी अठराव्या सेकंदाला तोडलें जातें असें आढळलें.

आपल्याकडे भाषेचीहि अडचण आहे. रोमच्या निकषांतून पूर्वींचा 'अस्वस्थता' हा शब्द २०१६ सालीं काढला, त्याचें एक कारण असें कीं कित्येक भाषांत त्याला नेमका प्रतिशब्दच नाहीं. मराठी रोगी तडस लागते म्हणतो, मुरडा येतो म्हणतो, पोट फुगतें, डब्ब होतें, गोळा फिरतो, करपट ढेकर येतात, कोठा साफ होत नाहीं म्हणतो. यांतला प्रत्येक शब्द वेगळी माहिती देतो. डॉक्टर मात्र इंग्रजींत शिकलेला. तो या साऱ्यांपुढें 'गॅस' एवढें लिहून मोकळा होतो.

औषध देतांनाहि तेंच. अमिट्रिप्टिलीन हें मूळचें उदासीनतेवरचें औषध. पण दहा ते तीस मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेंत तें आंतड्याच्या या विकाराला उपयोगी पडतें, हें इंग्लंडांत ४६३ रोग्यांवर झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत दिसलें. रोगी घरीं जाऊन वेष्टनावरचा कागद वाचतो, "मला वेडा ठरविलें" म्हणून गोळ्या फेंकतो. ही गोळी येथें मज्जांचा वाढलेला आवाज कमी करण्यासाठीं आहे, तोंड कोरडें पडेल, थोडी झोंप येईल, गुण यावयास कांहीं आठवडे लागतील, हें आधींच सांगणें हा उपचाराचाच भाग आहे.

२०१९ सालापासून आपल्या वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमांत रोग्याशीं बोलण्याचें शिक्षण समाविष्ट झालें आहे, ही चांगली गोष्ट. पुढच्या पदव्यांच्या परीक्षेंतहि एक प्रश्न असावा असें मला वाटतें. उमेदवारापुढें अशा विकाराचें निदान झालेली एखादी बाई बसवावी, आणि तिला तिचें दुखणें पांच मिनिटांत, एकहि इंग्रजी शब्द न वापरतां, समजावून सांगावयास त्याला लावावें. गुण किती द्यावयाचे तें तिलाच विचारावें.