लक्ष्मीच्या लुगड्याची जर

जयगडला आमच्या शेजारच्या काकींच्या ओटीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. कमळावर उभी, मागे हत्ती. काकींच्या सासऱ्यांनी ती मुंबईहून आगबोटीने आणलेली. आमच्या भिंतीवर मक्का-मदिनेची तसबीर तेवढी; माणसाचं चित्र घरात लावायचं नाही हा रिवाज.

एका पावसाळ्यात त्या तसबिरीची काच फुटली. काकी ती पदराखाली झाकून आमच्याकडे आल्या. आई शिवणकाम करायची. "भाभी, नवी काच बसवायच्या आधी हिला जरा नटवून द्या." आईने क्षणभर चित्राकडे पाहिलं, मग हात धुऊन आली आणि लक्ष्मीच्या लुगड्याच्या काठावर जर आणि चमकी चिकटवत बसली. वडील घरी आले, बघत राहिले. आई म्हणाली, "मी लुगड्याला जर लावतंय, पूजा नाय करत." वडील काही बोलले नाहीत. मी चमकीची डबी धरून बसलो होतो. चित्राच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती : रविवर्मा प्रेस, कार्ला.

रविवर्मा केरळातला. मग त्याचा छापखाना आपल्या कार्ल्याला कसा? हे मला बी.ए. झाल्यावर, जुनी पुस्तकं चाळताना कळलं. दिवाण सर टी. माधवरावांनी त्याला सुचवलं होतं, की तुझ्या चित्रांना इतकी मागणी आहे, तर ती छापून घे. त्यातून 1894 साली गिरगावात छापखाना उघडला. यंत्रं जर्मनीची, ती चालवणारे कारागीरही जर्मन. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. कारभार बघत होता धाकटा भाऊ राजा वर्मा, तोही चित्रकारच. दोन चित्रकारांनी चालवलेला धंदा! पुढे मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढत गेलं, छापखाना घाटावर मळवलीजवळ हलला. अखेर विसावं शतक उगवताना यंत्रांसकट, चित्रं छापायच्या हक्कांसकट तो विकला गेला. घेणारा त्याच छापखान्यातला जर्मन तंत्रज्ञ, फ्रिट्झ श्लायखर.

हे काम होतं शिळाछापाचं. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं. दगड ओला केला, की पाणी मोकळ्या जागी बसतं आणि शाई फक्त रेघांवर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका लक्ष्मीसाठी डझनभर दगड, कधी त्याहून जास्त, आणि एक जरी केसभर सरकला तरी ओठ गालावर जातात. आमच्या घरातली उर्दू पुस्तकंही अशीच दगडावर छापलेली. नस्तालिक लिपी खिळ्यांच्या टाइपात नीट बसत नाही, म्हणून कातिब हाताने लिहायचा आणि ते लिखाण दगडावर उतरायचं. म्हणजे काकींची लक्ष्मी आणि आजोबांची किताब एकाच हुनराची लेकरं.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये बाझाँ नावाचा एक तांब्यावर चित्रं कोरणारा होता. कोरणं मागे पडलं आणि तो चित्रांच्या छापांचा मोठा व्यापारी झाला. रेम्ब्रांच्या मूळ तांबपट्ट्या लिलावात घेऊन त्याने त्यांचे छाप पुन्हा काढले. श्लायखर मला त्याच जातकुळीचा वाटतो. रविवर्म्याची चित्रं त्याने छापत ठेवलीच, शिवाय धुरंधरांसारख्या चित्रकारांकडूनही चित्रं घेतली. देव-देवता साबणाच्या जाहिरातींवर आल्या, काड्यापेट्यांवर आल्या. याला कोणी कलेची विटंबना म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. ती चित्रं दरबारातच राहिली असती, तर जयगडच्या ओटीवर कोण आणणार होतं?

मात्र दगडावर रंग वेगळे करणाऱ्या कारागिरांची नावं कुठल्याच चित्रावर नाहीत, हे मला बोचतं. या छापखान्यासाठी काम केलेला एक माणूस तेवढा नाव कमावून गेला, दादासाहेब फाळके. पण तेही सिनेमामुळे.

माझा पहिला कवितासंग्रह मी पदरचे पैसे घालून काढला. पाचशे प्रती, निम्म्याहून अधिक कित्येक वर्षं खाटेखाली होत्या. त्या दिवसांत मला श्लायखरची फार आठवण यायची. कविता लिहिणारा मी होतो, विकणारा कोणी नव्हता.

श्लायखर 1935 साली वारला. छापखाना पुढे चालत राहिला आणि 1972 च्या आगीत बराचसा जळून गेला.

काकी गेल्या, आईही गेली. मागच्या ईदला गावी गेलो, तेव्हा काकींच्या मुलाने चहाला बोलावलं. घर नवं बांधलंय, पण लक्ष्मी ओटीवरच आहे. चेहरा पार फिकुटलाय, हत्ती तर दिसतच नाही. काठावरची जर काळी पडलीय. मी काचेला नाक लावून चमक्या मोजत होतो, तेव्हा तो म्हणाला, "भाई, नवीन प्रिंट मिळते बाजारात. पण ही काढायला आई कधी देत नव्हती. खालाने सजवलीय म्हणायची."