इंजिनाच्या पोटात किती मावतं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटरसायकलचं हेड उतरवलं की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हेड जरा घासून आणतो, म्हणजे पॅकिंगमधून गळायचं नाही." त्यात वावगं काही नाही. उष्णतेनं हेड किंचित वाकडं झालेलं असतं, ते सपाट करावंच लागतं. पण किती घासलं? ते मिस्त्री सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मग गाडी घरी येते. चार दिवस बरी पळते. पाचव्या दिवशी दोघं बसून चढ चढताना इंजिनातून खडखड ऐकू येते आणि आपण पेट्रोल पंपावाल्याला नावं ठेवतो.

हेडच्या खालच्या अंगाला एक खोलगट वाटी असते. पिस्टन अगदी वर आला की पेट्रोल आणि हवेचं सगळं मिश्रण या वाटीत आणि आजूबाजूच्या थोड्या फटीत कोंबलं जातं. ठिणगी पडते ती इथे. हा ज्वलनकक्ष. त्याचं आकारमान ठाऊक असेल तर इंजिनाचं कॉम्प्रेशन कागदावर काढता येतं.

रस्त्यावरचं उदाहरण घेऊ. जुन्या कार्ब्युरेटरच्या स्प्लेंडरचा बोअर 50 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 49.5 मिलिमीटर. गुणाकार केला की 97.2 सीसी येतात. कॉम्प्रेशन सुमारे 9 ला 1. म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा 97.2 भागिले 8, साधारण 12.15 सीसी. औषधाची मोठी बाटली नव्हे, चहाचे अडीच चमचे!

आता हेड अर्धा मिलिमीटर घासलं असं समजा. 50 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक सीसी. बारातला एक गेला. कॉम्प्रेशन 9 वरून थेट 9.7 वर पोहोचलं. याउलट बोअर करून 0.25 मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला, तर ते जेमतेम 9.08 होतं. बोअरच्या खर्चावर आपण तासभर घासाघीस करतो आणि हेडच्या घासण्याकडे ढुंकूनही पाहत नाही, याची मला गंमत वाटते.

कॉम्प्रेशन वाढलं तर ताकद वाढते, हे खरं. पण दाबलेलं मिश्रण तापतं, आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. तो हा ठोका. इंग्लंडमधले इंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांनी 1919 च्या सुमारास, कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं खास इंजिन बांधून कोणतं इंधन किती दाब सोसतं ते तपासलं होतं. ठोका दीर्घकाळ चालू राहिला तर रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात, पिस्टनच्या माथ्याला भोकही पडतं. ज्याचा दुधाचा रतीब त्या गाडीवर चालतो त्याला हे परवडत नाही.

मोजायला काय लागतं? पाट्या करणाऱ्याकडून पाच-सहा मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज, थोडं ग्रीस आणि रॉकेल. पातळ अ‍ॅक्रिलिक घेऊ नका, ते वाकतं. स्पिरिटही नको, ते उडून जातं आणि अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे पाडतं. पाण्याचे बुडबुडे वाटीच्या कोपऱ्यात चिकटून बसतात. रॉकेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब टाकले की रंग येतो आणि पातळी दिसते. जवळ विडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

वाटीतला कार्बन खरवडून काढा. व्हॉल्व्ह स्प्रिंगांसह जागेवर हवेत आणि प्लग गाडीत वापरता तोच, नीट आवळलेला. हेड उलटं, किंचित तिरकं ठेवा. कडेला ग्रीसची अगदी बारीक रेघ ओढून, दोन छोटी भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिक दाबून बसवा. हवा बाहेर जाण्याचं भोक सगळ्यात उंचावर यायला हवं. सिरिंज काठोकाठ दहावर भरा, दुसऱ्या भोकातून सावकाश सोडा, पुन्हा भरा. शेवटचा बुडबुडा निघून रॉकेल अ‍ॅक्रिलिकच्या खालच्या बाजूला टेकलं की थांबा. किती सोडलं ते तुमचं उत्तर. रॉकेल व्हॉल्व्हच्या मागून झिरपताना दिसलं तर मोजमाप बाजूला ठेवा, आधी व्हॉल्व्ह बसवून घ्यावे लागतील. ही तपासणी फुकटात पदरात पडते.

इथे अर्ध्या सीसीची चूक झाली तर कॉम्प्रेशनचा आकडा 0.3 ने हलतो. म्हणून शेवटचे थेंब इन्सुलिनच्या सिरिंजने घाला. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात: लाल टोपणाच्या सिरिंजवर 40 युनिट म्हणजे एक मिलिलिटर, नारिंगीवर 100. मोठ्या सिरिंजच्या खुणांवर विश्वास नसेल तर सोनाराच्या छोट्या काट्यावर पाणी तोला. दहा मिलिलिटर पाणी दहा ग्रॅमच भरायला हवं. आणि तीनदा मोजा. तिन्ही उत्तरं दोन दशांशाच्या आत आली नाहीत, तर कुठेतरी बुडबुडा अडकलाय.

एवढ्यानं वाटी मोजून झाली, अख्खी जागा नाही. दाबल्या गेलेल्या जुन्या पॅकिंगची जाडी व्हर्नियरनं घ्या; दर अर्ध्या मिलिमीटरला एक सीसी धरा. पिस्टनच्या माथ्याला फुगवटा किंवा खाचा असतील तर पिस्टन वरच्या टोकापासून मोजून पाच मिलिमीटर खाली घ्या, कडेला ग्रीस लावा आणि अ‍ॅक्रिलिक ठेवून ती जागा भरा. पिस्टन सपाट असता आणि वरच्या टोकाला ब्लॉकच्या काठाशी समपातळीत आला असता, तर 9.8 सीसी मावले असते. जेवढे कमी मावले तेवढे एकूण बेरजेतून वजा करा; जास्त मावले तर मिळवा.

आकडा 9 च्या जवळ आला तर हेड निर्धास्त बसवा. साडेनऊच्या पुढे गेला तर मिस्त्रीशी बोला. जाड पॅकिंग मिळतं का पाहा, नाही तर दुसरं हेड शोधावं लागेल. 2025 पासून देशभर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ठोका उशिरा येतो हे खरं, पण घासलेल्या हेडमुळे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ सरकलेले असतात आणि त्याला इथेनॉल काही करू शकत नाही. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी ठेवा, पॅकिंगसह हेड आवळा, टायमिंग जुळवा, इंजिन हातानं दोनदा फिरवा आणि हेड काढून ती किती चेपली ते बघा.

मग सगळं रॉकेल पुसून घ्या, व्हॉल्व्हच्या मागच्या खोबणीतलंही, आणि मिळालेले आकडे तारखेसह गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढच्या वेळी हेड घासायला जाईल तेव्हा मिस्त्रीसमोर तेच पान उघडायचं.