सेंट लुईस : बेताच्या खर्चातली कौटुंबिक सहल

अमेरिकेत मुलाबाळांना घेऊन फिरायचं म्हटलं, की तिकिटांच्या खर्चानंच धडकी भरते. मिसूरी राज्यातलं सेंट लुईस शहर मात्र याला सुखद अपवाद आहे.

तिथल्या फॉरेस्ट पार्क या सुमारे १३०० एकरांच्या उद्यानात १९०४ साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्या वेळी उभारलेला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा आजही उभा आहे. पुढे याच उद्यानात मोठं प्राणिसंग्रहालय झालं, आणि तिथे प्रवेश मोफत! टेकडीवरचं कलासंग्रहालय आणि इतिहास संग्रहालय, तेही मोफत. याचं कारण ऐकण्यासारखं आहे. शहरातले आणि लगतच्या काउंटीतले रहिवासी अनेक दशकांपासून मालमत्ता करातून या संस्थांना पैसा पुरवतात, आणि त्याचा लाभ परगावच्या पाहुण्यालाही मिळतो. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

शहराबाहेर जायचं असेल, तर नैर्ऋत्येकडे मोटारीनं साधारण दोन तासांवर एलिफंट रॉक्स हे राज्य उद्यान आहे. सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वीच्या गुलाबी ग्रॅनाइटचे हे अजस्र, गोलसर धोंडे हत्तींच्या कळपासारखे एकामागे एक उभे आहेत. मुलं त्यांच्यावर मनसोक्त चढतात. मिसूरीच्या राज्य उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. फक्त पाऊस पडून गेल्यावर दगड निसरडे होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला. आणि जमलं तर ऑक्टोबरमध्ये जा. जुलैचा दमट उकाडा लहानग्यांना सोसत नाही.