साथींच्या मधली वर्षे





विषाणूजन्य ताप पसरविणारे डास हा विषय साथ आली की सर्वांच्या तोंडी असतो आणि साथ ओसरली की विसरला जातो. माझे आजचे म्हणणे या विसरण्याविषयी आहे. साथ नसते त्या वर्षांतच डासांचा अभ्यास आणि बंदोबस्त करावयाचा असतो, एवढे एकच विधान मी मांडणार आहे. त्याचा पुरावा महाराष्ट्रातील दोन गावांत आहे : सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि पुणे जिल्ह्यातील यवत.

प्रथम डासाची ओळख करून घेऊ. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही रोगांच्या विषाणूंचा आपल्याकडील मुख्य वाहक एकच, एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे पट्टे आणि दिवसा चावण्याची सवय ही त्याची खूण. गटारातील घाण पाण्यापेक्षा घरात साठविलेले स्वच्छ पाणी त्याला अधिक मानवते. मादी आपली अंडी पिंपाच्या किंवा रांजणाच्या ओल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटविते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत उडता डास तयार होतो. तो सहसा जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तेव्हा आपल्याला चावलेला एडिस बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो.

या डासांच्या शास्त्रीय अभ्यासाचे आपल्या देशातील प्रमुख ठिकाण म्हणजे पुणे. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने तेथे विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. येथील काम चिकाटीचे असते. कीटकशास्त्रज्ञ घराघरांतून डास पकडतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या जाती वेगळ्या करतात, एकेका जातीचे गट करून ते वाटतात आणि त्यांत विषाणू आहे काय हे उंदरांच्या नवजात पिल्लांत किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत तपासतात. अशा तपासणीसाठी लागणारा डासांच्या पेशींचा एक वाण १९६७ साली याच केंद्रात डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून तयार केला. त्या वाणाची एक शाखा पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचे विषाणू वेगळे करण्यासाठी वापरली जाऊ लागली.

आता बार्शीकडे येऊ. चिकुनगुनियाचा विषाणू भारतात प्रथम १९६३ साली कोलकात्यात आढळला. पुढे मद्रास, नागपूर अशी शहरे त्याने गाठली आणि १९७३ साली बार्शीत मोठी साथ आली. या तापात सांधे असे धरतात की माणूस वाकून चालतो. रोगाचे नावच आफ्रिकेतील मकोंडे भाषेतल्या ‘वाकविणे’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. बार्शीनंतर मात्र सुमारे बत्तीस वर्षे या देशात चिकुनगुनियाची मोठी साथ आली नाही. बार्शीत ज्यांचे सांधे धरले होते त्यांची मुले मोठी झाली, आणि रोगाचे नावही लोक विसरले.

रोग गेला, पण डास गेला नव्हता. त्याच मधल्या काळात, १९९६ साली, दिल्लीत डेंग्यूने दहा हजारांवर लोक आजारी पडले व चारशेंवर दगावले. वाहक तोच, एडिस. शिवाय आणखी एक गोष्ट नकळत घडत होती. ज्यांना पूर्वी चिकुनगुनिया होऊन प्रतिकारशक्ती आली होती, ती पिढी वयस्क होत होती. नव्या पिढीचा त्या विषाणूशी संबंधच आला नव्हता. वात तीच राहिली आणि तेल मात्र दरवर्षी वाढत गेले.

२००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत येथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत पुण्याच्या शास्त्रज्ञांना चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. राज्यात तेव्हा या रोगाची साथ नव्हती. पुढच्याच वर्षी ही नोंद प्रसिद्ध झाली. २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात साथ भडकली, आणि २००६ च्या अखेरपर्यंत देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यानंतर पुण्याच्या संस्थेने जुने व नवे विषाणू ताडून पाहिले. १९६३ ते १९७३ मधील विषाणू आशियाई वंशाचे होते, नव्या साथीतील आफ्रिकी वंशाचे. आणि यवतच्या डासांत सापडलेला विषाणू याच आफ्रिकी वंशाचा निघाला! म्हणजे साथीच्या किमान पाच वर्षे आधी हा पाहुणा आपल्या डासांत येऊन राहिला होता.

एका गावातील एका नोंदीवरून साथीचे भाकीत करता आले असते, असे मी म्हणत नाही. परंतु अशा नोंदी पन्नास गावांतून, दर महिन्याला होत असत्या, तर माणसे आजारी पडण्याआधी डासांनी आपल्याला काही सांगितले असते. २०२१ मध्ये झिकाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यातीलच बेलसर येथे आढळला, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न जुना झालेला नाही हे पटेल.

नियंत्रणाविषयी बोलावयाचे तर साथीत आपण धुराची गाडी मागतो. धुराने उडते डास त्या वेळेपुरते मरतात. पिंपातील अळी आणि कडेची अंडी सुरक्षित राहतात. खरे काम आठवड्याला एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचे आहे. नुसते पाणी ओतून भागत नाही; अंडी कडेला असतात म्हणून घासणे आवश्यक. जे रिकामे करता येत नाही ते घट्ट झाकावे. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत किंवा आरोग्य खात्याकडून टेमिफॉस घालून घ्यावे. नव्या वाटाही निघत आहेत. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असलेले एडिस सोडले, तेव्हा त्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही घरातील पिंपाला पर्याय नाही.

सुरतेला या बाबतीत कोणी शिकवावे असे नाही. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक हे शहर सोडून गेले. पुढच्या वर्षापासून महापालिकेने सफाईची घडी अशी बसविली की १९९६ मध्ये चंडीगडनंतरचे सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव झाले. रोग गेल्यावरही काम चालू ठेवता येते, हे या शहराने दाखविले. मात्र रस्त्यावरच्या झाडूने एडिस जात नाही. तो उंबरठ्याच्या आत असतो. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे पिंप भरून ठेवणाऱ्या गृहिणीला दोष देणे अन्यायाचे आहे. तिला झाकण हवे, आणि त्याहून अधिक, भरवशाचा नळ हवा.

म्हणून इच्छापोरच्या या सभेपुढे एक लहान सूचना ठेवतो. शाळेने विद्यार्थ्यांच्या हाती काळ्या रंगाचे काही डबे द्यावेत. त्यांत थोडे पाणी आणि कडेने खरखरीत कागदाची पट्टी. एडिसची मादी त्या पट्टीवर अंडी घालते, ती काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली दर आठवड्याला ती मोजावीत, वहीत लिहावीत, पट्टी नष्ट करून डबा घासावा. हयगय झाली तर डबाच डासांचे घर होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे कारखाने किंवा बांधकामे आहेत, त्यांनी तेथेही एकेक डबा ठेवू द्यावा. ही वही माघ-फाल्गुनातही भरली जावी, जेव्हा कोणालाच ताप नसतो. दहा वर्षांनी तिच्यात जे असेल ते कोणत्याही प्रयोगशाळेला विकत घेता येणार नाही.