शेवाळ खुडणारे झिंगे



चितेगावात पैठण रोडच्या जवळ माझं घर आहे. हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी, पाणी साधारण चोपन्न लिटर. मासे मोजून आठ. खरा नाद पाणवनस्पतींचा. टाकी मी हौसेनं खिडकीजवळ मांडली होती. दीड-दोन महिन्यांत प्रत्येक पानाला हिरवी दाढी फुटली. चिमटीत धरून ओढली तर ओल्या केसांसारखी लांबत जाई, तुटे, आणि बुडखा पानालाच चिकटून राही. दुकानदार म्हणाला, "हेअर अल्गी आहे सर, झिंगे सोडा, आठ दिवसांत साफ." मी सोडले. आठ दिवसांत साफ झाले ते झिंगे. का, ते पुढे सांगतो.

आधी या केसांची ओळख करून घेऊ. शाळेच्या पुस्तकात स्पायरोगायराची आकृती तुम्ही काढली असेल: लांब नळी आणि तिच्यात मळसूत्रासारखी फिरलेली हिरवी फीत. हे केस त्याच गोतावळ्यातले. पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठाला, उथळ पाण्यात हात घातला की जी बुळबुळीत जाळी बोटांत येते, तीच ही. म्हणजे हा काही परदेशी रोग नाही. ऊन आणि खत मिळालं की शेवाळ वाढणारच. माझ्या टाकीत खिडकीचं ऊन होतं, वर दहा तास दिवा. आणि पाणी बोअरचं. शेतीच्या पट्ट्यात युरियापासून मातीत बनलेलं नायट्रेट झिरपत भूजलात उतरतं. रानात ज्या खतावर कपाशी वाढते, त्याच खतावर टाकीत शेवाळ पोसतं.

म्हणून झिंगे आणण्याआधी हात ओले करा. जुना टूथब्रश घ्या, शेवाळात घाला आणि गोल फिरवा. काडीवर शेवया गुंडाळाव्यात तसा सगळा गुंता ब्रशवर येतो. टाकी खिडकीपासून हलवा. दिवा सहा-सात तासांवर आणा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. हायड्रिलासारखी झपाट्यानं वाढणारी वनस्पती भरपूर लावा, म्हणजे पाण्यातलं खत शेवाळाच्या आधी तीच खाऊन टाकते.

एवढं झाल्यावर झिंग्याची पाळी. वनस्पतींच्या टाकीत झिंगे कामाला लावण्याची रीत जगभर पसरवली ती ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं. १९५४ साली निइगाता प्रांतात जन्मलेला हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू होता. १९८२ मध्ये त्यानं पाणवनस्पतींच्या टाक्यांसाठी स्वतःची कंपनी काढली. शेवाळाचा त्याला तुमच्या-माझ्याइतकाच वैताग होता. कोणतं जितराब शेवाळ खातं हे पारखता पारखता तो जपानी नदीनाल्यांतल्या एका काचेसारख्या, अंगावर तपकिरी ठिपके असलेल्या झिंग्यापाशी थांबला. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेंटाटा. आता सगळे त्याला अमानो झिंगा म्हणतात. अमानो २०१५ मध्ये वारला.

हा झिंगा जेवताना जरूर पाहा. पुढच्या दोन जोड्या पायांच्या टोकाला इवले चिमटे असतात आणि चिमट्यांना केसांचे कुंचले. पानावर बसतो आणि एक हात तोंडाशी, दुसरा पानावर, असं अखंड चालू. निंदायला बसलेल्या बाईचा हात जसा थांबत नाही, तसा. मात्र कोवळं, मऊ शेवाळ तो खातो. लांब वाढून राठ झालेल्या केसांना सहसा तोंड लावत नाही, आणि पानांच्या कडेला धरणारी काळी दाढी तर त्याच्या आवाक्याबाहेरचीच. म्हणून म्हटलं, आधी टूथब्रश. शिवाय तो मोठा लबाड. माशांचं तयार खाणं मिळालं की शेवाळाकडे ढुंकून पाहत नाही. त्याला कामाला लावायचं तर माशांचा चारा निम्म्यावर आणा.

आपल्याकडे अमानो महाग पडतो, आणि घरी त्याची पैदास होत नाही. मादी अंडी धरते, पण पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं. लाल चेरी झिंगा मात्र स्वस्त आणि घरगुती. जेमतेम इंचभर. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते आणि तीनेक आठवड्यांत तिळाएवढे तयार झिंगेच बाहेर पडतात. भूक अमानोपेक्षा कमी, पण संख्येनं भरून काढतात. एंजल, गोल्डफिश असे मासे असतील तर हा नाद सोडा. त्यांच्यासाठी झिंगा म्हणजे खाऊ.

आपलं बोअरचं जड पाणी चेरीला चालतं, उलट मानवतं. झिंगा वाढताना कात टाकतो आणि नवं कवच बांधायला त्याला कॅल्शियम हवं असतं. टाकीत अख्खा पांढरा झिंगा निपचित दिसला तर घाबरू नका, बहुधा कात असते. काढू नका, तोच ती खातो.

आता माझे झिंगे का गेले ते ऐका. मी पिशवी कापली आणि थेट टाकीत ओतली. पाणी एकदम बदललं की झिंगा तग धरत नाही. निम्मे त्यातच गेले. उरलेल्यांच्या वेळी माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून बाटलीतलं औषध घातलं. औषधात तांबं होतं. झिंग्याच्या रक्तातच तांबं असतं, म्हणून ते निळसर असतं. पण पाण्यात वरून जरा जास्त झालं की तेच विष. सकाळी सगळे आडवे. तेव्हा बाटलीवरची अक्षरं वाचा, आणि तांब्याच्या हंड्यातलं रात्रभरचं पाणी देवाला चालेल, टाकीला नको. डासांचा फवाराही टाकीजवळ नको. त्यातल्या औषधाला किडा आणि झिंगा सारखेच.

नवे झिंगे आणाल तेव्हा मेडिकलमधून सलाईनची नळी घ्या. झिंगे बादलीत ठेवा आणि टाकीचं पाणी थेंब-थेंब त्यात सोडा, दीड-दोन तास. नळीवरचं चाक फिरवून थेंब मोजता येतात.

राहिला आपला उन्हाळा. पारा बेचाळिसावर गेला की टाकीचं पाणी तिशी ओलांडतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उपाय माठाचाच. टाकीचं झाकण काढा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन अंश गार होतं. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्यानं घाला. बोअरचं घालत राहिलात तर क्षार साचत जातात.

माझ्या टाकीत आज तीसेक चेरी आहेत. कोपऱ्यात थोडं शेवाळ मी मुद्दाम ठेवलंय, पिल्लांच्या पोटासाठी.

आणि एक विनंती. चेरी फार वाढतात. जास्तीचे झाले म्हणून पैठणला जाता-येता नाथसागरात सोडू नका. ते पक्षी अभयारण्य आहे, तिथली वनस्पती, तिथलं शेवाळ यांवर तिथल्या जिवांचा हक्क आहे. लोकांनी टाक्यांतून सोडलेला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांची जाळी फाडतोय. जास्तीचे झिंगे शेजाऱ्याला द्या, दुकानात परत करा. पाण्यात नको.