आधी वेगवेगळं विचारा, मग एकत्र बसा

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळ्याच्या तोंडावर तिथं येऊ लागते, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पुढं भाव काय राहील?

माझ्या मामेभावाचं शेत त्याच भागात आहे. एका वर्षी त्याचा तिसरा तोडा झाला होता. भाव उतरलेला, झाडांवर कोकडा दिसू लागलेला. पुन्हा औषध-खताचा खर्च करायचा की प्लॉट मोडून दुसरं पीक घ्यायचं, हे ठरत नव्हतं. बाजारातल्या चहाच्या टपरीवर आम्ही जाणत्या मंडळींना विचारलं. एक मोठे व्यापारी आधी बोलले, "आता भाव उठत नाही." झालं! बाकीच्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी त्यांच्यातल्या काहींना आम्ही एकेकटं गाठलं, तर उत्तरं निराळीच. रोपवाटिकावाले म्हणाले, "यंदा रोपंच कमी गेली." तोडणीची टोळी नेणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कोकड्यानं किती प्लॉट बसलेत, माल येणार कुठून?" सकाळी दोघंही गप्प होते. मोठ्या माणसासमोर कशाला बोला!

ही अडचण टपरीपुरती नाही. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संस्थेत १९५० च्या दशकात तिच्यावर एक तोड काढली गेली. तिला 'डेल्फी' पद्धत म्हणतात. नाव प्राचीन ग्रीसमधल्या भविष्य सांगणाऱ्या देवस्थानावरून पडलं. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९६३ साली तिचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. युद्धाशी संबंधित एका प्रश्नावर सात तज्ज्ञांना वेगवेगळं विचारलं. कुणाचं उत्तर कोणतं, हे गुप्त ठेवलं. इतरांची माहिती आणि कारणं त्यांच्यापुढं ठेवून पुन्हा विचारलं. अशा पाच फेऱ्या झाल्या. सुरुवातीला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजात शंभरपट अंतर होतं. शेवटी ते साधारण दुपटीवर आलं.

आपल्याकडची पैसेवारी आठवा. महसूल आणि कृषी खात्याची माणसं, सरपंच, गावचे शेतकरी मिळून पिकाचा अंदाज ठरवतात. आधी नजर अंदाज, मग सुधारित आणि पीक कापणी प्रयोगानंतर अंतिम. पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर वर्षानुवर्षे गावोगावच्या सवलती ठरत आल्या. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असे निकष आले. तरी शेतातलं पीक पाहणारी नजर लागतेच. त्या बैठकीत पहिला आकडा एकानं सांगायचा आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या, असं झालं तर चार जाणकारांची समिती एकाच माणसाची होते. आधी प्रत्येकानं आपला आकडा आणि कारण चिठ्ठीवर लिहिलं, तर कोरडवाहू शेतकऱ्याचं म्हणणंही कागदावर येईल.

मात्र एकमत म्हणजे सत्य नव्हे. सगळे जाणकार व्यापारीच निवडले, तर दहा फेऱ्या करूनही व्यापाऱ्याचीच बाजू हाती येईल. म्हणून माणसं वेगवेगळ्या बांधांवरची हवीत. आणि ज्याचं शेवटपर्यंत पटलं नाही, त्याचं कारणही लिहून ठेवायला हवं.

माझ्या मामेभावाला त्या संध्याकाळी नेमका भाव कुणीच सांगू शकलं नाही. पण सकाळी वाटली तितकी कुणाला खात्री नाही, हे त्याला कळलं. त्यानं रोगट भाग मोडला, चांगला भाग ठेवला. सगळंच मोडायचं किंवा सगळ्यावरच खर्च करायचा, या पेचातून तो सुटला. त्याला एवढाच सल्ला हवा होता, आणि तो मिळाला तो माणसांना एकेकटं विचारल्यामुळं.