रणगाडा आणि चिखल
(वडवणी येथील गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘दोन महायुद्धे आणि रणगाडे’. पण तोफेचा पल्ला किती, चिलखत किती जाड, हे ऐकायला कुणी आलं असेल तर त्याची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो. माझं म्हणणं एकच आहे आणि घरचे ते ऐकून कंटाळलेत. रणगाड्याची लढाई तोफेवर ठरत नाही, जमिनीवर ठरते. चिखल ज्याला कळला, तो जिंकला. पहिल्या रांगेत माजी सैनिक बसलेत, त्यांच्या कपाळावर आत्ताच आठी पडली. (हशा) मी फौजेत नव्हतो, कबूल. इतिहास शिकवला आणि काळ्या रानात शेती केली. आज त्यातली शेतीच जास्त उपयोगी पडणार आहे.

पहिलं महायुद्ध का पेटलं, साराजेव्होत गोळी कुणी झाडली, हे तुम्ही शाळेत घोकलंय. ते सोडून देऊ. फ्रान्समध्ये दोन्ही फौजा खंदकांत बसल्या होत्या, मधे काटेरी तार आणि समोर मशीनगन, एवढं ध्यानात असलं की पुरे. तार तुडवत खंदक ओलांडणारं काहीतरी हवं होतं. ते शेतात सापडलं. अमेरिकेतल्या होल्ट कंपनीचे चेनवरचे ट्रॅक्टर ब्रिटिश फौज जड तोफा ओढायला वापरतच होती. आणि ब्रिटनचा पहिला रणगाडा लिंकन शहरातल्या ज्या फॉस्टर कंपनीनं घडवला, तिचा मूळ धंदा मळणीयंत्रांचा! चेनचं गणित साधं आहे. वजन तेच राहतं, पण ते जास्त जागेवर पसरतं, म्हणून जमीन दबते कमी. पोकलेन ओढ्यात उतरतं आणि टिप्पर काठावर उभा राहतो, तो यामुळंच.

आता आपल्या भागात येतो. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची तिथं छावणी होती. याच कंटिन्जंटच्या रिसाल्यांतून पुढं ‘डेक्कन हॉर्स’ झाली. जवान बहुतेक जाट, शीख आणि दख्खनी मुसलमान. म्हणजे सगळी आपलीच पोरं होती असं मी म्हणणार नाही, पण दख्खनची होती. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, २०वी डेक्कन हॉर्स भाले घेऊन, उभ्या पिकातून हाय वूड नावाच्या रानाच्या बाजूनं दौडत गेली. मशीनगनच्या जमान्यात भाले! काही जर्मन भाल्यांनी पडले, काही शरण आले, पण जिंकलेली जागा टिकली नाही.

पुढची तारीख बघा, १५ सप्टेंबर १९१६. दोनच महिने उलटलेत, लढाई तीच आणि रानही तेच. जगाच्या इतिहासात रणगाडे पहिल्यांदा लढले ते त्या दिवशी. हल्ल्यासाठी ४९ नेमले होते, त्यांतले ३२ हल्ल्याच्या जागेपर्यंत पोचले. हाय वूडच्या वाट्याला चार आले. रणगाडेवाल्यांचं म्हणणं होतं, रानातून घालू नका, तोफांनी झाडं तोडलीत, नुसती खोडं उरलीत, अडकतील. वरच्या साहेबानं ऐकलं नाही. अडकले. रान शेवटी पायदळानं घेतलं, फार माणसं घालवून. जमीन ओळखणाऱ्याचं न ऐकण्याची खोड साहेबलोकांना तेव्हापासून आहे. (हशा, टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो.

या सभागृहात असं एक तरी घर आहे का, ज्यातलं माणूस ऊसतोडीला गेलेलं नाही? मग मी सांगतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फडाला चार दिवसांपूर्वी पाणी दिलेलं. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून निघतो आणि बांधाजवळ मागचं चाक आसापर्यंत जातं. ड्रायव्हर हट्टी असला तर रेस वाढवतो, चाक आणखी खाली. मुकादम शिव्या देतो. बायका पोरं घेऊन बांधावर बसतात. मग कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, आधी मागची ट्रॉली सोडा, चाकाखाली पाचट घाला. (मागून आवाज : “पाचटानं नाही निघत, दुसरं ट्रॅक्टर लागतंय!”) बरोबर, दादा. दुसरं ट्रॅक्टर लागतं, आणि तेही रुततं! (मोठा हशा) इथं माझ्या टिपणात दोनच ओळी होत्या, पण तुम्ही हसताय तर सांगतो. १९१७च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये, ईप्रच्या तिसऱ्या लढाईत, नेमकं हेच झालं. तोफांनी पाण्याचे चर फोडले, वरून पाऊस, आणि रणगाडे चिखलात बसले ते बसलेच. मग त्यांनीही पाचटाचाच उपाय काढला. रणगाड्याच्या टपावर जाड लाकडी तुळई ठेवायची. रुतला की ती चेनला बांधायची. चेन तिला पोटाखाली ओढून नेते आणि गाडा तिच्यावर चढून बाहेर येतो. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रेला कोरड्या, खडूच्या जमिनीवर चारशेहून जास्त रणगाडे सोडले. पुष्कळांच्या टपावर फांद्यांची मोळी होती, दीड टनाहून जड. खंदक आला की त्यात टाकायची आणि वरून जायचं. रणगाडे तेच, माणसं तीच, जमीन तेवढी बदलली, आणि एका दिवसात कित्येक किलोमीटर पुढं. आता तरी पटतंय का? (पहिल्या रांगेकडे पाहून) बरं, राहू द्या.

१७ सप्टेंबर, आपला मुक्तिदिन, जवळ आलाय, म्हणून १९४८च्या हैदराबादवरच्या कारवाईचं बोलतो. रझाकारांचा इतिहास मी सांगणार नाही, तो प्रत्येक घरात निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितला जातो. मी फक्त रस्ता बघतो. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींचं चिलखती दळ सोलापूरकडून निघालं. ऐन पावसाळा, दोन्ही बाजूंना काळी माती. रणगाडा रस्ता सोडून रानात शिरला असता तर आपल्या ट्रॉलीसारखाच बसला असता. म्हणून नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, याला मी सगळ्यात मोठं यश मानतो. पुढं लातूरकडून एक तुकडी मोमिनाबादला आली. तिथं गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं ठेवली. निजामाच्या...

चिठ्ठी आली. दहाला ध्वनिक्षेपक बंद, त्याआधी आरती. म्हणजे दुसरं महायुद्ध मला सात मिनिटांत संपवायचंय! (हशा) हिटलरला सहा वर्षं लागली.

रशिया, १९४१. शरदातल्या पावसात जर्मन गाड्या चिखलात थबकल्या. रशियन टी-३४च्या चेनचा पट्टा जवळपास अर्धा मीटर रुंद, जर्मनांचा त्याहून बराच अरुंद. पुढं जर्मनांनी आपल्या पट्ट्यांना रुंद जोड लावले, यातच सगळं आलं. ब्रह्मदेश, १९४५. आपली डेक्कन हॉर्स आता घोडे सोडून शर्मन रणगाड्यांवर होती. ब्रिटिश सेनापती स्लिमनं इरावती ओलांडून मेकटिलावर झेप घेतली ती कोरड्या पट्ट्यात, कोरड्या मोसमात. जपानी सैनिक खड्ड्यात विमानाचा बॉम्ब घेऊन बसायचा, रणगाडा डोक्यावर आला की दगडानं ठोकायचा. हे मी चिखलात कसं बसवू? बसत नाही. शौर्य होतं, एवढंच.

आणि १९६५चं भारत-पाक युद्ध, असल उत्तरची लढाई. विषयाबाहेर आहे, पण शर्मन दुसऱ्या महायुद्धातलेच, म्हणून चालेल. समोर पाकिस्तानचे पॅटन, नवे, भारी. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं. आपले रणगाडे उसात दबा धरून होते. एका बाजूला सेंच्युरियनवाली तिसरी कॅव्हलरी, दुसरीकडं जुने शर्मन घेऊन डेक्कन हॉर्स. खूप पॅटन सेंच्युरियननी मारले, हे मी लपवत नाही, पण फडात पाणी कुणी सोडलं ते विचारा! पाकिस्ताननं तिथं नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. सेनाप्रमुख कोण? मघाशी नळदुर्गच्या पुलावरून आलेले तेच जनरल चौधरी. हैदराबादच्या फौजेतून पुढं आलेल्या, चविंड्याच्या लढाईत पूना हॉर्सचं नेतृत्व करताना पडलेल्या परमवीर तारापोरांवर बोलायचं राहिलं. पुढच्या वर्षी बोलवा.

हे रणगाडे प्रत्यक्ष बघायचे तर नगरला जा. चिलखती दलाचं केंद्र तिथंच आहे आणि संग्रहालयही. पोरं तोफेपुढं फोटो काढतात. तुम्ही खाली वाकून चेनची रुंदी बघा.

एक प्रश्न आलाय, तेवढा घेतो. “पहिल्या रणगाड्याचं इंजिन किती एचपी?” १०५. आणि वजन अठ्ठावीस टन. तुमचा उसाचा ट्रॅक्टर पन्नासचा असेल, म्हणजे दोन ट्रॅक्टर लावून अठ्ठावीस टन ओढायचे, तेही आत आठ माणसं आणि इंजिन त्यांच्याच मांडीशी, आडोसा काही नाही. वेग तासाला सहा किलोमीटर, तोही सपाटीवर. दादा, मागचं ते दुसरं ट्रॅक्टर इथंही लागलं असतं. हो, हो, अध्यक्षांनी घंटा वाजवली. चला, आरतीला.